चुलत्यांचा पैसा चुलत्यांचा, आजीची जमीन आजीची

बीड जिल्ह्यातल्या एका तरुणानं विचारलंय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: थोरल्या चुलत्यांचं तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र आहे, दोन मजली घर आहे, मुलगा पुण्यात कंपनीत आहे. गावाकडं आजोबांची ३० एकर जमीन. आजोबा २००९ साली वारले, मग भावाभावांत तोंडी वाटणी झाली. चुलत्यांकडं विहिरीखालची बागायत धरून १८ एकर, वडिलांकडं १२ एकर कोरडवाहू. आजी वडिलांजवळ राहतात. गेल्या वर्षी त्या पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, एक लाख चाळीस हजार खर्च आला. चुलते भेटायला आले आणि पाच हजार उशाशी ठेवून गेले. थोरल्या बहिणीच्या लग्नात दोन्ही आत्यांनी भांडीकुंडी दिली, चुलत्यांनी मात्र एक साडी आणि ५०१ रुपयांचा आहेर. आता धाकट्या बहिणीला बी. फार्मसीला घालायचंय. तीन लाख मागितले तर म्हणाले, "पैसे काय झाडाला लागतात का?" वडील यातल्या कशावरच बोलत नाहीत. अशा श्रीमंत पण चिकट माणसाशी कसं वागायचं आणि कायद्यानं त्यांच्याकडून काही घेता येतं का, हा प्रश्न.

मी अंबाजोगाईला दिवाणी वकिली करतो. वाटणीचे दावे, पोटगी, सावकारीच्या तक्रारी हेच माझं रोजचं काम, आणि त्यातले बहुतेक पक्षकार एकमेकांचे सख्खे भाऊ नाहीतर चुलते-पुतणे असतात. त्यामुळं तुमचा प्रश्न मला परका नाही.

तुमच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी एकात एक मिसळल्यात, त्या आधी सुट्या करू. लग्नातला आहेर आणि बहिणीची फी ही चुलत्यांच्या इच्छेची बाब आहे. आजीचा सांभाळ आणि जमिनीतले हिस्से ही हक्काची बाब आहे. इच्छेची गोष्ट हक्कानं मागितली की समोरचा हात आणखी आखडतो. हक्काची गोष्ट उपकार म्हणून मागितली की आपण जन्मभर मिंधे राहतो. तुमच्या घरात आजवर नेमकं हे उलटं झालंय. फीसाठी तुम्ही चिडलात आणि आजीच्या दवाखान्यासाठी चुलत्यांच्या दानतीची वाट बघत बसलात.

इच्छेच्या बाबीतला कायदा एका वाक्यात संपतो. पुतण्या-पुतणीचं शिक्षण करायला, लग्नाला हातभार लावायला चुलत्याला भाग पाडणारा कोणताही कायदा नाही. त्यांच्या दुकानाची उलाढाल कितीही असो, दारात गाडी कोणतीही उभी असो. त्यांचा स्वतःच्या कमाईचा पैसा त्यांचा आहे, तो कुठं खर्चायचा हे तेच ठरवणार. ही गोष्ट मनातून मान्य केली की निम्मा ताप कमी होतो, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

आता त्यांच्या श्रीमंतीकडं जरा जवळून बघा. गावात १८ एकरवाल्याला मोठा शेतकरी म्हणतात, पण हिशेब मांडा. कोरडवाहू सोयाबीन एकरी सहा क्विंटल धरा. २०२४-२५ सालचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, आणि त्या हंगामात आडतीवर शेतकऱ्याच्या हातात बहुतेक वेळा त्यापेक्षा कमीच पडलं. ४,२०० धरले तर एकरी पंचवीस हजारांच्या आसपास. बियाणं, खत, फवारणी, खुरपणी, काढणी आणि मळणी मिळून अठरा हजार सहज जातात. उरले सात हजार. अठरा एकरांचे सव्वा लाख, तेही पाऊस वेळेवर पडला आणि काढणीच्या वेळी पडला नाही तर. बागायतीत ऊस असेल तर चित्र बरं, पण उसाचं बिल हातात यायला कारखान्याच्या मागं फिरावं लागतं. कृषी सेवा केंद्राचं तर विचारूच नका. जूनमध्ये अर्धा माल उधारीवर जातो आणि ती उधारी सुगी झाल्यावर वसूल होते, कधी होतही नाही. दुष्काळाच्या साली शेतकऱ्याबरोबर दुकानदारही बसतो. त्यात पुण्यातल्या मुलाच्या फ्लॅटचा हप्ता बापच भरत असेल तर तेही धरा.

याचा अर्थ चुलते गरीब आहेत असा मुळीच नाही. तीन लाख उभे करणं त्यांना जड असेल, अशक्य नाही. आजीच्या उशाशी पाच हजार ठेवून निघून जाणं याला तर माझ्याकडं काही समर्थन नाही. पण तुमच्या डोळ्यांपुढं पैशाच्या थप्प्या असलेला माणूस आहे, आणि प्रत्यक्षात बहुधा मालमत्ता भरपूर पण रोकड बेताची असलेला माणूस आहे. मागताना हा फरक फार कामाला येतो.

दुसरं, त्यांचं वय. तुमचे चुलते सत्तरीच्या आसपास असतील तर १९७२ च्या दुष्काळात ते कळते होते. आपल्याकडच्या त्या पिढीनं दुष्काळी कामावर खडी फोडलीय, सुकडी खाल्लीय, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या, म्हणजे लाल ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्यात. घरातल्या कणग्या रिकाम्या झालेल्या ज्यानं त्या वयात पाहिल्या, तो माणूस पुढं कितीही सुधारला तरी नोट हातातून सोडताना थबकतो. अशी माणसं स्वतःवरही खर्च करत नाहीत. धोतर विरेपर्यंत नेसतात, दवाखान्यात जायचं टाळतात, एसटीनं फिरतात. अशा माणसाचा चिकटपणा तुमच्याविरुद्ध नसतो, ती त्यांची प्रकृती असते. मात्र एक दुसरी तऱ्हा असते: स्वतःच्या घरी सगळी हौसमौज, पोराच्या लग्नात डीजे, आणि भावाची वेळ आली की खिशात हात जात नाही. या दोघांशी वागायची रीत वेगळी आहे. तुमचे चुलते यातल्या कुठल्या तऱ्हेचे हे तुम्हालाच ओळखावं लागेल. पहिल्या माणसाकडून धीरानं, कारण नीट समजावून काहीतरी निघतं. दुसऱ्याकडून अपेक्षा ठेवूच नये, फक्त हक्काचं तेवढं सोडू नये.

तुमचे वडील का बोलत नाहीत, हा तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग. तो तुम्ही एका वाक्यात सोडून दिलात. एक प्रसंग सांगतो, नावगाव सोडून. दोन भावांची तडजोड माझ्या ऑफिसात चालली होती. धाकट्याची मुलं तावातावानं बोलत होती: मोठ्या काकांनी आमच्यासाठी दमडी खर्च केली नाही. मोठे भाऊ सगळं ऐकून घेत होते. मग त्यांनी पिशवीतून लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही काढली. दुकानात उधारीला वापरतात तसली. बाप गेल्यापासूनचा खर्च त्यांनी तीत टिपून ठेवला होता. धाकट्याची खानावळ, महिन्याच्या महिन्याला. परीक्षेची फी. त्याच्या लग्नातला बँड, मंडप, आचारी. बोअर मारताना दिलेले पैसे, बोअरला पाणी लागलं नाही ते सुद्धा कंसात लिहिलेलं. शाई कुठं निळी, कुठं काळी, काही पानांना तेलाचे डाग. धाकटा भाऊ खाली मान घालून बसला होता. मुलांना यातलं काहीच माहीत नव्हतं, कारण बापानं कधी सांगितलं नव्हतं. मोठे भाऊ एवढंच म्हणाले, "मी मागत नाही. पण दिलं नाही असं म्हणू नका."

वही काढणारा प्रत्येक जण खरा असतो असं नाही. सामाईक शेतीच्या उत्पन्नातून केलेला खर्च स्वतःच्या खिशातून केला म्हणून दाखवणारे मी कितीतरी पाहिलेत. पण तुमच्या घरात अशी एखादी वही आहे का, कागदावर नसली तरी चुलत्यांच्या मनात आहे का, हे वडिलांना एकट्यात विचारा. आईसमोर नाही, बहिणीसमोर नाही. शेतात दोघंच असताना विचारा. "तुमचं शिक्षण कुणी केलं? लग्न कुणी लावलं? वाटणीच्या वेळी काय बोलणं झालं होतं? बागायत त्यांच्याकडं का गेली?" मोठ्यानं लहानपणी सांभाळलं म्हणून लहान्यानं वाटणीत मागं घेतलं, असं मराठवाड्यातल्या घराघरांत झालेलं आहे. वडिलांनी ते मनापासून केलं असेल तर तुम्हाला त्याचा मान ठेवावा लागेल. दबावाखाली केलं असेल तर गोष्ट वेगळी.

आता हक्काचं बोलतो, आणि इथं तुम्हाला थोडं अवघड वाटेल असं काही सांगणार आहे.

आजोबांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर त्या ३० एकरांचे हिस्सेदार दोन नाहीत, पाच आहेत: आजी, चुलते, तुमचे वडील आणि दोन्ही आत्या. जमीन आजोबांची स्वकष्टाची धरली तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे विधवा आणि चार मुलं यांना सारखे वाटे मिळतात, म्हणजे प्रत्येकी एक पंचमांश. वडिलोपार्जित धरली तर आधी आजोबा, आजी आणि चार मुलं अशी सहा वाट्यांची काल्पनिक वाटणी होते, आणि आजोबांचा सहावा वाटा पुन्हा पाच जणांत जातो. बेरीज करून बघा, तिथंही प्रत्येकाच्या वाट्याला एक पंचमांशच येतो. म्हणजे सहा-सहा एकर. मुलींना जन्मापासून मुलाइतकाच हक्क देणारी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे. बाप त्या तारखेला हयात होता की नाही यानं फरक पडत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात दिलाय. तुमचे आजोबा तर २००९ साली गेले, त्यामुळं तुमच्या घरात तोही वाद उरत नाही. आत्यांची लग्नं केव्हा झाली, हुंडा किती दिला, साडीचोळी किती केली, यातलं काहीही त्यांचा हिस्सा खात नाही.

मग आजचा ताबा बघा. चुलत्यांकडं १८, म्हणजे त्यांच्या सहापेक्षा १२ जास्त. तुमच्या वडिलांकडं १२, म्हणजे सहापेक्षा ६ जास्त. ही जादा १८ एकर कुणाची? आजीची सहा आणि आत्यांची बारा. तुम्ही चुलत्यांना चिकट म्हणालात, आणि जमिनीच्या बाबतीत ते बरोबर असेल. पण लग्नात भांडीकुंडी देणाऱ्या त्या दोन आत्यांचं तुमच्या घरानंही काही देणं लागतं, हे तुमच्या लिहिण्यात कुठंच आलं नाही. हे मी तुम्हाला दोष द्यायला म्हणत नाही. आपल्याकडं बहिणींचा हिस्सा मोजायची सवयच नाही. पण वाटणीचा दावा दाखल करायचा म्हणजे आत्यांना त्यात पक्षकार करावंच लागतं, आणि कोर्ट त्यांचा हिस्सा बाजूला काढल्याशिवाय हुकूमनामा करत नाही. चुलत्यांकडून बागायतीचा तुकडा मिळवायला गेलात आणि वडिलांकडं सहाच एकर उरली, असं होऊ शकतं. ते तुम्हाला न्याय्य वाटत असेल तर खुशाल पुढं जा. मला स्वतःला ते न्याय्यच वाटतं. पण डोळे उघडे ठेवून जा.

आत्यांनी हक्कसोड केली असेल तर ते पत्र नोंदणीकृत आहे का, हे दुय्यम निबंधक कार्यालयात तपासा. तलाठ्यापुढं जबाब दिला, अंगठा दिला आणि फेरफार झाला, एवढ्यानं मालकी सुटत नाही. फेरफार ही महसुली नोंद आहे, ती मालकी हक्क देतही नाही आणि काढूनही घेत नाही.

आता आजी. आजीच्या दवाखान्याला चुलत्यांची दानत लागतच नाही. आजीची स्वतःची सहा एकर दोन्ही मुलं कसतात, त्या जमिनीचं उत्पन्न पुरे. ती जमीन बटईनं किंवा मक्त्यानं दिली असती तर आजीच्या हातात दरवर्षी काहीतरी रक्कम आलीच असती. ती सोळा-सतरा वर्षं आली नाही, आणि आजारपणात त्यांना मुलाच्या पाच हजारांकडं बघावं लागलं. हे मला फार टोचतं. जिच्या नवऱ्याची जमीन, जिनं त्या जमिनीत हाडं झिजवली, ती म्हातारपणी पोरांच्या मर्जीवर.

चुलत्यांशी बोलताना म्हणूनच मदत हा शब्द काढू नका. असं मांडा: "आजीची सहा एकर तुम्ही आणि बाबा मिळून कसता. जादा ताबा तुमच्याकडं दोन हिस्से, आमच्याकडं एक. दवाखान्याचा खर्चही त्याच प्रमाणात घेऊ." एक लाख चाळीस हजारांतले त्या हिशेबानं सुमारे त्र्याण्णव हजार त्यांच्याकडं येतात, सत्तेचाळीस तुमच्याकडं. हा कोर्टात लगेच वसूल होणारा आकडा नाही, हे आधीच सांगतो. पण तो बोलण्यात ठेवला की विषय दानधर्माचा राहत नाही, हिशेबाचा होतो. आणि आजीचं उठणं-बसणं, अंघोळ, रात्रीचं जागरण तुमची आई करते, त्याची किंमत या आकड्यात धरलेलीच नाही, हेही शांतपणे बोलून दाखवा. पुढच्यासाठी आजीच्या नावानं बँकेत वेगळं खातं काढा आणि दोन्ही मुलांनी सुगी झाल्यावर ठरलेली रक्कम त्यात भरायची, एवढं ठरवून घ्या. चिकट माणसाला रोख हातात द्यायला जड जातं, आईच्या खात्यावर भरायला तेवढं जात नाही, असा माझा अनुभव आहे.

बोलून नाहीच जमलं तर २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायदा आहे. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडं, म्हणजे आपण ज्यांना प्रांत म्हणतो त्यांच्या न्यायाधिकरणाकडं करायचा. वकील लागत नाही. आजींना स्वतः करता येतो, जमत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेला माणूस करू शकतो. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो, अपवाद म्हणून ३० दिवस वाढतात. दरमहा जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत चरितार्थ ठरवता येतो. आदेश होऊन पैसे भरले नाहीत तर वसुलीचं वॉरंट निघतं आणि महिनाभरापर्यंत कैदेची तरतूद आहे. आधी समेट अधिकाऱ्याकडं पाठवून मिटवायचा प्रयत्नही होतो, आणि बरीच प्रकरणं तिथंच मिटतात, कारण प्रांताची नोटीस दुकानावर आली की माणूस बोलायला तयार होतो.

पण अर्ज आजींचा आहे, तुमचा नाही. त्यांना थोरल्या मुलाविरुद्ध सही करायची आहे का, हे त्यांना विचारलंय का तुम्ही? कित्येक आया प्रांतापुढं उभ्या राहिल्यावर रडतात आणि "माझ्या लेकाचं काही वाईट करू नका" म्हणून अर्ज मागं घेतात. पुतण्याचा राग आजीच्या अंगठ्यानं काढायचा, असं होता कामा नये. त्यांनी नको म्हटलं तर विषय तिथं थांबवा आणि जमिनीच्या हिशेबावर बोला. आणखी एक. चुलते चिकट निघाले म्हणून आजीचा हिस्सा घाईनं तुमच्या वडिलांच्या नावावर बक्षीसपत्रानं करून घेऊ नका. त्यातून पुढची वीस वर्षं कोर्टात जातात. आजींना स्वतःच कुणाला द्यायचं असेल, तर मरेपर्यंत सांभाळण्याची अट त्या पत्रात स्पष्ट लिहून घ्या. ती पाळली नाही तर याच कायद्यानं ते पत्र रद्द होऊ शकतं.

पुढच्या आजारपणाचीही तयारी करा. सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय झालीय. आधारवर वय बरोबर आहे ना बघून आजीचं कार्ड आजच काढा. पहिल्या ऑपरेशनचे पैसे त्यातून परत मिळणार नाहीत, पण दुसरा खुबा आहेच.

बहिणीच्या शिक्षणाकडं येतो. तीन लाख हा आकडा तुम्ही कुठून काढला? राज्य सरकारनं २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची पूर्ण सवलत दिलीय. आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना ती लागू आहे. बारा एकर कोरडवाहूवाल्याचं उत्पन्न आठ लाखांच्या वर जात नाही. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला आणि महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरचा अर्ज वेळेत करा. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर हे मिळत नाही, म्हणून घाईनं कुठल्या तरी कॉलेजात डोनेशन भरू नका. मग उरतं काय? वसतिगृह, मेस, पुस्तकं, प्रवास. ती रक्कम तीन लाखांच्या खूप खाली येते, आणि तेवढ्यासाठी बँकेचं शैक्षणिक कर्जही मिळू शकतं.

एवढं करूनही कमी पडलं तर चुलत्यांकडं जा. पण कसं आणि कधी जायचं, हे समजून घ्या. जून-जुलैत जाऊ नका. त्या महिन्यांत कृषी केंद्रवाल्याचा पैसा कंपन्यांकडं आणि शेतकऱ्यांच्या उधारीत अडकलेला असतो. त्यांच्या हातात पैसा खेळतो तो दिवाळीनंतर, सोयाबीन विकून लोक उधारी फेडतात तेव्हा. प्रवेश बहुतेक त्याआधीच होतो, म्हणून पहिल्या सत्राचा खर्च तुम्ही उभा करा आणि चुलत्यांना दुसऱ्या सत्राचं विचारा. "तीन लाख द्या" म्हणू नका. "वसतिगृहाचे अमुक हजार जानेवारीत भरायचेत, ही पावती, तुम्ही थेट त्यांच्या खात्यावर भरा" असं म्हणा. ठरलेला आकडा, ठरलेली तारीख, आणि पैसा तुमच्या हातातून न जाता थेट जागेवर. बहिणीला सोबत न्या, तिचे गुण तिलाच सांगू द्या. काकू घरात असताना जा. आपल्याकडं तिजोरीची किल्ली कुणाकडं असते हे सगळ्यांना माहीत आहे. आणि त्यांनी नाही म्हटलं तर "बरं काका" म्हणून चहा पिऊन उठा. दुसऱ्यांदा कुणाच्या मार्फत विचारायला लावू नका. पाहुण्यांमार्फत आलेला दबाव चिकट माणसाला सगळ्यात जास्त चिडवतो.

उसने म्हणून घेणार असाल तर बँकेतून घ्या. चेक किंवा ऑनलाइन, आणि वहीच्या पानावर दोघांच्या सह्यांची चार ओळींची चिठ्ठी: किती, कधी, कधी परत, व्याज आहे की नाही. शेतीशिवाय दुसरं उत्पन्न असलेल्या माणसानं वीस हजार किंवा त्याहून जास्त रोखीनं उसने घेणं-देणं आयकर कायद्यात अडचणीचं ठरतं, आणि तुमच्या चुलत्यांचं दुकान आहे. उसनवारीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं असते. ते बक्षीस म्हणून देणार असतील तर सख्ख्या काकाकडून पुतणीला मिळालेल्या रकमेवर कर लागत नाही.

एका गोष्टीला मात्र कधीही तयार होऊ नका, आणि ती मी तुम्हाला हात जोडून सांगतो. श्रीमंत नातेवाईक पैसे द्यायला कबूल होतात आणि म्हणतात, "तारण म्हणून दोन एकराचं खरेदीखत करून दे. घरातलंच आहे, पैसे फिटले की परत उलटवून देतो." मराठवाड्यात सर्रास चालतं हे. लोक तोंडी शब्दावर दुय्यम निबंधकापुढं सही करतात. कागद पक्क्या खरेदीचा असतो, परत देण्याची अट त्यात कुठंच नसते. गहाण म्हणून सिद्ध करायचं तर ती अट त्याच दस्तात लिहिलेली लागते. काका शब्दाचे पक्के असतीलही, पण काकांच्या मागं त्यांची मुलं वारस होतात आणि त्यांनी कुणाला शब्द दिलेला नसतो. पैसे फेडूनही जमीन गेलेली कुटुंबं माझ्या समोरच्या बाकावर बसून गेलीत. समोरचा माणूस व्याजबट्ट्याचा धंदाच करत असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडं तक्रार करता येते आणि बळकावलेली जमीन परत मिळू शकते, पण एखाद्या वेळी पुतण्याला पैसे देणाऱ्या काकाला सावकार ठरवणं अवघड जातं. बहिणीची फी कमी पडली तर गाय विका, सोनं गहाण ठेवा, एक वर्ष थांबा. खरेदीखत करू नका.

रोजच्या वागण्याबद्दल थोडंच सांगतो. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, त्यांना शेतात जेवायला बोलवा, दरवर्षी बोलवत असाल तसंच. भज्जी, आंबिल, उंडे वाढताना हिशेब मनात आणू नका. आहेर त्यांनी केला तेवढाच परत करा, ना कमी ना जास्त, आणि त्यांच्या पाचशे एक रुपयांची गोष्ट पाहुण्यांत सांगत फिरू नका. ते बोलणं त्यांच्या कानावर जातंच आणि मग आजीच्या हिशेबाच्या बोलण्यालाही ते बसत नाहीत. तुम्हाला त्यांच्याशी मोठं बोलायचंय, ते बारक्या टोमण्यांत घालवू नका.

आणि सुरुवात कागदांपासून करा. ३० एकरांचे सगळे गट नंबर, चालू सातबारे आणि आठ-अ, २००९ नंतरचे वारस फेरफार, त्यात आजी आणि आत्यांची नावं आली होती का आणि कधी कमी झाली, हे बघा. त्यामागचं १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढा. जमीन आजोबांना त्यांच्या वडिलांकडून आली की त्यांनी घेतली, हे त्यातून कळायला सुरुवात होते. विहीर सामाईक असेल तर इतर हक्कांत तशी नोंद आहे का, तेही पाहा, कारण वाटणी एकरांची होते तशी पाण्याचीही होते. मग दोन्ही आत्यांच्या गावी स्वतः जाऊन त्यांना हे कागद दाखवा, चुलत्यांकडं जायच्या आधी. पाचही जणांचं एकमत झालं तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडं वाटणी होते, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. एकमत झालं नाही तर तालुका विधी सेवा समितीकडं दाखलपूर्व अर्ज करा, लोकअदालतीत बसवतात. आजी आणि आत्यांना स्त्री म्हणून तिथं वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तिथंही मिटलं नाही तरच दावा. आणि तो फार लांबवू नका; हिस्सा नाकारला गेल्याचं कळल्यापासून बारा वर्षांची मुदत मोजली जाते, आणि आत्यांना कुणी केव्हा स्पष्ट नाही म्हटलं, याची तारीख त्यांनाच विचारून लिहून ठेवा.